व्यायाम सांगितला, पण झाला किती?
(जुनाट सांधेदुखी व कंबरदुखीत रुग्णाच्या उपचारपालनाचे मोजमाप)

गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी, खांदा आखडणे ही नावे आज घरोघरी परिचयाची झाली आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या घरात वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट, मलमाची ट्यूब आणि गरम पाण्याची पिशवी या तीन वस्तू हमखास सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज होऊन उद्भवणारा संधिवात, होता. कंबरदुखीने त्रस्त असलेल्यांची संख्या २०२० साली ६१ कोटी ९० लाख इतकी होती. ज्या समाजाच्या अनेक पिढ्या ओझी वाहण्यात, झाडलोट करण्यात, विटा थापण्यात, गिरणीत आठ-आठ तास उभे राहण्यात आणि चुलीपुढे उकिडवे बसण्यात गेल्या, त्या समाजाला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे आजार प्राणघातक नसतात, पण ते माणसाला हळूहळू परावलंबी करतात. जिना चढता येत नाही, मोरीत बसता येत नाही, बसमध्ये चढताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. हातावर पोट असणाऱ्याचा रोज बुडतो. म्हणूनच या विषयाकडे समाजबांधवांनी केवळ म्हातारपणाचे दुखणे म्हणून दुर्लक्ष करू नये, असे आम्हांस वाटते.

या आजारांचे एक वैशिष्ट्य असे की, यांतील उपचाराचा मोठा भाग डॉक्टरांच्या हातात नसून रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतो. नियमित व्यायाम, वजनावर ताबा, बसण्या-उठण्याच्या व ओझे उचलण्याच्या पद्धतीत बदल, काम आणि विश्रांतीचा मेळ या सर्व गोष्टी रुग्णाने घरी करावयाच्या असतात. साधा हिशेब करून पाहा. रुग्ण आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास फिजिओथेरपिस्टकडे गेला, तर तो एक तास झाला. आठवड्याचे तास १६८. उरलेले १६७ तास रुग्ण आपल्या घरी, कामावर आणि अंथरुणात असतो. त्या १६७ तासांत काय घडले, हे दवाखान्यात बसलेल्या माणसाला कसे कळावे? या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

मोजायचे कशासाठी?

समजा, महापालिकेत सफाईचे काम करणारी एक भगिनी आहे. गुडघे दुखतात म्हणून ती दवाखान्यात गेली. तिला मांडीचे स्नायू बळकट करण्याचे दोन व्यायाम शिकविण्यात आले आणि ते घरी रोज करावयास सांगण्यात आले. तीन महिन्यांनी ती परत आली व म्हणाली, "काही फरक नाही." आता याचे दोन अर्थ होऊ शकतात. तिने व्यायाम नीट केले, पण ते तिला लागू पडले नाहीत, हा एक अर्थ. व्यायाम झालेच नाहीत, अथवा पहिले पंधरा दिवस होऊन पुढे बंद पडले, हा दुसरा.

या दोन्ही अवस्थांत तक्रार एकच आहे, परंतु पुढची वाट अगदी निराळी आहे. पहिल्या अवस्थेत व्यायाम बदलावा लागेल, अथवा निदानच पुन्हा तपासावे लागेल. दुसऱ्या अवस्थेत व्यायाम का झाले नाहीत, हे शोधून अडचण दूर करावी लागेल. हा भेद न केल्यास काय होते? व्यायामाने गुण आला नाही असे समजून गोळ्यांचा डोस वाढतो. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोटात व्रण होण्याचा, रक्तदाब वाढण्याचा व मूत्रपिंडावर दुष्परिणाम होण्याचा धोका असतो. महागड्या तपासण्या होतात. कधी कधी शस्त्रक्रियेची भाषा वेळेआधी सुरू होते. म्हणजे जो उपचार झालाच नाही, तो फसला असे ठरवून पुढचा खर्च आणि पुढचा धोका पत्करला जातो. मोजमापाचे महत्त्व आहे ते येथे.

हीच अडचण संशोधकांनाही येते. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये व्यायामाचा उपयोग किती, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. त्यात ५४ चाचण्या विचारात घेतल्या होत्या. व्यायामाने वेदना कमी होतात व हालचाल सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२४ साली याच आढाव्याची सुधारित आवृत्ती आली. तीत चाचण्यांची संख्या बरीच वाढली होती आणि निष्कर्षाची भाषा अधिक सावध होती. सुधारणा होते, पण ती माफक असते, असे त्यात म्हटले आहे. ही सुधारणा माफक का, याची कारणे अनेक असू शकतील. मात्र चाचणीतील माणसांनी घरी व्यायाम किती केला हे नीट मोजलेले नसेल, तर व्यायाम कमी पडला की व्यायाम करणे कमी पडले, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आज्ञापालन की संमतीचे पालन?

रुग्ण सांगितल्याप्रमाणे वागत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. औषध घेतल्याबाबत रुग्ण खोटे सांगतात, याकडे लक्ष ठेवावे, अशी सूचना प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातही आढळते. आधुनिक काळात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास कॅनडातील सॅकेट व हेन्स या वैद्यांनी रूढ केला. हेन्स यांनी १९७९ साली केलेली व्याख्या बराच काळ प्रमाण मानली गेली. रुग्णाचे वागणे वैद्यकीय सल्ल्याशी कितपत जुळते, ते पालन, असा तिचा आशय होता. त्यासाठी 'कम्प्लायन्स' हा शब्द वापरीत. त्याचा सरळ अर्थ आज्ञापालन असा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनावर एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 'अ‍ॅडहिअरन्स' हा शब्द स्वीकारण्यात आला आणि व्याख्येत एक महत्त्वाचा बदल झाला. रुग्ण व आरोग्यसेवक यांच्यात *मान्य झालेल्या* सूचनांशी रुग्णाचे वागणे कितपत जुळते, ते पालन होय. 'मान्य झालेल्या' हे दोन शब्द वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत. जी गोष्ट रुग्णाला विचारून ठरलेलीच नाही, ती त्याने केली नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. सकाळी पाचला उठून सहाच्या हजेरीला पोहोचणाऱ्या स्त्रीला 'सकाळी अर्धा तास व्यायाम करा' असे सांगणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच आहे. मोजमापाची पहिली पायरी म्हणून आधी ठरले काय होते, हे स्पष्ट असले पाहिजे.

त्याच अहवालात असे नमूद आहे की, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत उपचारपालन सरासरीने केवळ ५० टक्क्यांच्या आसपास आढळते. तेव्हा पालन न होणे हा अडाणीपणाचा, गरिबीचा अथवा एखाद्या समाजाचा दोष आहे, हा समज चुकीचा ठरतो. शिकलेली, सुखवस्तू माणसेही अर्ध्यावरच थांबतात.

मोजण्याच्या पद्धती आणि त्यांतील त्रुटी

आता पालन मोजतात कसे, ते क्रमाने पाहू.

(१) विचारणे. ही सर्वांत सोपी व स्वस्त पद्धत. पण प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर अवलंबून असते. आपल्याकडे दवाखान्यात प्रश्न येतो, "व्यायाम करता ना?" यातील 'ना' मध्येच उत्तर दडलेले आहे. समोरचा माणूस मान डोलावून म्हणतो, "हो डॉक्टरसाहेब, करतो ना." प्रश्न संपला आणि माहितीही संपली. ही अडचण ओळखून मोरिस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी चार प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. विसरणे, निष्काळजीपणा, बरे वाटल्यावर बंद करणे आणि त्रास झाल्यावर बंद करणे यांविषयी ते प्रश्न होते. त्यांची रचना अशी होती की 'होय' म्हणणे म्हणजे पालन न झाल्याची कबुली. माणसाचा कल 'हो' म्हणण्याकडे असतो, हे जाणून केलेली ही योजना होती.

(२) हजेरी मोजणे. ठरलेल्या दहा भेटींपैकी रुग्ण किती भेटींना आला, हे मोजणे सोपे असते. पण हजेरीवरून घरी काय झाले हे कळत नाही. उलट, जो येऊ शकला नाही, तो घरी नेमाने करीत असेल अशीही शक्यता असते.

(३) प्रत्यक्ष पाहून गुण देणे. खेळाडूंच्या दुखापतींवरील उपचारांसाठी २००० साली 'सिरास' नावाची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. रुग्ण किती जोमाने व्यायाम करतो, सूचना किती वेळा पाळतो आणि बदल किती मोकळेपणाने स्वीकारतो, या तीन बाबींना उपचारकाने १ ते ५ गुण द्यावयाचे असतात. एकूण गुण ३ ते १५. नंतर ती इतर रुग्णांसाठीही वापरली गेली. पण तीही दवाखान्याच्या चार भिंतींतील वागणुकीचीच असते.

(४) रोजची नोंदवही. ही पद्धत सर्वांना भरवशाची वाटते. पण २००२ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने तिचे खरे रूप दाखवून दिले. स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट वेदनेच्या ८० रुग्णांना ठराविक वेळी वेदनेची नोंद करण्यास सांगितले. निम्म्यांना कागदी वही दिली, निम्म्यांना विद्युत उपकरण दिले. कागदी वहीच्या बांधणीत प्रकाश ओळखणारा एक छोटा संवेदक गुप्तपणे बसविला होता. त्यामुळे वही केव्हा उघडली, याची नोंद आपोआप होत होती. कागदी वहीवरून पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात वेळेच्या आगेमागे पंधरा मिनिटांच्या आत झालेल्या नोंदी केवळ ११ टक्के होत्या. सुमारे ३२ टक्के दिवशी तर वही उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांचे रकाने भरलेले होते. जे उपकरण वेळेवर आठवण करून देत होते आणि मागील नोंद नंतर करू देत नव्हते, त्यावर मात्र पालन ९४ टक्के होते.

ही माणसे लबाड होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शनिवारी बसून आठवड्याचे मस्टर भरावे, त्यातला हा प्रकार आहे. डॉक्टरांना कोरी वही दाखविणे माणसाला जड जाते. म्हणून नोंद त्याच वेळी व्हावी, आणि कोरा रकाना दाखविण्याची लाज वाटू नये, हे दोन धडे या अभ्यासातून घ्यावयाचे आहेत.

(५) उपकरणे. पावले मोजणारे यंत्र, मनगटी घड्याळ, मोबाईल फोन ही साधने आता सर्वत्र दिसतात. चालणे मोजण्यास ती उपयुक्त आहेत. पण खुर्चीत बसून पाय सरळ करणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, असे व्यायाम पावले मोजणाऱ्या यंत्राला समजत नाहीत. शिवाय मोजले जात आहे हे कळले की, माणूस काही दिवस जास्त करतो आणि मग पुन्हा पूर्ववत होतो.

(६) खास व्यायामासाठी बनविलेली प्रश्नावली. लंडनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांच्या साहाय्याने तयार झालेली 'इअर्स' ही मोजपट्टी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत सहा विधाने असून प्रत्येकाला ० ते ४ असे गुण आहेत, एकूण ० ते २४. तिचे वैशिष्ट्य असे की, आधी रुग्णाला काय सांगितले होते ते विचारले जाते, मग पालनाचे गुण काढले जातात आणि पुढे व्यायाम होण्याची अथवा न होण्याची कारणे विचारली जातात. कारणांना जागा देणारी ही रचना आम्हांस विशेष उपयुक्त वाटते.

अशी चांगली साधने थोडी आहेत, हेही सांगितले पाहिजे. घरी करावयाच्या व्यायामांचे पालन मोजणाऱ्या साधनांचा एक आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. ५८ अभ्यासांत ६१ वेगवेगळी साधने वापरलेली आढळली. त्यांतील बहुतेक साधनांची विश्वसनीयता अथवा यथार्थता तपासल्याची नोंदच नव्हती. म्हणजे प्रत्येकाचा तराजू वेगळा आणि बहुतेकांची वजने न तपासलेली. अशा बाजारात मालाची तुलना कशी व्हावी?

नेमके काय मोजायचे?

पालनाचे सूत्र वरवर सोपे आहे. जे केले, त्याला जे ठरले होते त्याने भागावे आणि शंभराने गुणावे. पण 'केले' म्हणजे काय, हे ठरविताना घोटाळा होतो. वरील भगिनीचेच उदाहरण घेऊ. आठवड्यातून पाच दिवस, दिवसातून दोन वेळा आणि प्रत्येक वेळी दहा आवर्तने असे ठरले होते. म्हणजे आठवड्यात दहा वेळा, एकूण १०० आवर्तने. तिने सात वेळा व्यायाम केला. पालन ७० टक्के झाले. पण त्या सात वेळांपैकी तीन वेळा घाई असल्यामुळे पाचच आवर्तने झाली. आता आवर्तने मोजली तर ५५ भरतात, आणि पालन ५५ टक्क्यांवर येते. त्यातही पाय पूर्ण सरळ न करता अर्धवटच उचलला असेल, तर गुणवत्ता आणखी कमी. एकाच आठवड्याची ही तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. म्हणून वेळा मोजतो आहोत की आवर्तने, हे आधी ठरवून त्यालाच धरून राहावे. घरगुती नोंदीसाठी 'वेळा' मोजणे पुरेसे आहे. व्यायाम नीट होतो की नाही, हे महिन्यातून एकदा जाणकारासमोर करून दाखवून तपासून घ्यावे.

पालन म्हणजे जास्तीत जास्त करणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. दहा आवर्तने सांगितली असता पन्नास करून गुडघा सुजवून घेणे हेदेखील पालन मोडणेच आहे. औषधांबाबत तर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात या वेगळ्या प्रकारच्या आजारात मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

व्यायाम का होत नाही?

पालन कमी आढळले की, आळस हे एकच कारण पुढे केले जाते. अभ्यास मात्र निराळे सांगतात. फिजिओथेरपीच्या रुग्णांना येणाऱ्या अडथळ्यांचा २०१० साली एक आढावा घेण्यात आला. व्यायाम करताना वाढणारी वेदना, आपल्याला हे जमेल या विश्वासाचा अभाव, उदासीनता व चिंता, घरच्यांचा पाठिंबा नसणे आणि पूर्वीपासून शरीराला व्यायामाची सवय नसणे ही कारणे त्यात ठळकपणे पुढे आली. इंग्लंडमध्ये गुडघ्याच्या २० रुग्णांच्या मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला रुग्ण व्यायाम करीत होते ते फिजिओथेरपिस्टविषयीच्या आपुलकीपोटी. भेटी थांबल्यावर मात्र ज्यांना व्यायाम आपल्या दिनक्रमात बसविता आला, त्यांनीच तो पुढे चालू ठेवला. म्हणून पहिल्या महिन्याचे मोजमाप पाहून हुरळून जाऊ नये. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते.

आपल्याकडे आणखी एक कारण आढळते. "दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" असा प्रश्न कष्टकरी माणूस विचारतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. काम करताना शरीर त्याच त्या सवयीच्या हालचाली करते. ज्या सांध्यावर भार पडतो, त्याच्यावरच तो पडत राहतो, आणि दुखरा पाय वाचवून दुसऱ्यावर भार टाकण्याची खोड लागते. वाचविलेल्या पायाचे स्नायू अशक्त होत जातात. व्यायामात नेमका तोच अशक्त स्नायू निवडून, बेताच्या प्रमाणात त्याला काम दिले जाते. तेव्हा कष्ट हे व्यायामाची जागा घेऊ शकत नाहीत. पण कष्ट करून थकलेल्या माणसाला त्याच्या थकव्याचा विचार करूनच व्यायाम ठरवून दिला पाहिजे, हेही तितकेच खरे.

पोलाद कारखान्यातील कामगारांचा धडा

केवळ माहिती देऊन पालन वाढते काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रयोग कॅनडातील हॅमिल्टन येथील पोलाद कारखान्याच्या कामगारांवर झाला. आजार वेगळा, म्हणजे रक्तदाबाचा होता. पण तोही दीर्घकालीन आणि स्वतःच सांभाळावयाचा, म्हणून हा धडा आपल्या विषयाला लागू पडतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात कामगारांना आजाराविषयी चांगले शिक्षण देण्यात आले. त्यांना माहिती भरपूर मिळाली, पण म्हणून गोळ्या घेण्याचे प्रमाण वाढले नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात मात्र जे गोळ्या घेत नव्हते व ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, अशा कामगारांना स्वतःचा रक्तदाब मोजावयास शिकविले, रक्तदाबाचा व गोळ्यांचा तक्ता ठेवावयास लावले, गोळी घेण्याची वेळ रोजच्या एखाद्या सवयीला जोडून दिली आणि दर पंधरवड्याला आपुलकीने चौकशी केली. यानंतर पालन स्पष्टपणे वाढले.

स्वतः मोजणे, नेहमीच्या सवयीला जोडणे आणि नियमित विचारपूस या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही. आपल्या वस्तीतही त्या सहज करता येण्याजोग्या आहेत.

घरच्या घरी करावयाचे मोजमाप

(१) फिजिओथेरपिस्टकडून दोन किंवा तीनच व्यायाम नीट शिकून घ्यावेत. किती वेळा, किती आवर्तने व आठवड्यातून किती दिवस, हे कागदावर लिहून घ्यावे. जमणार नसेल तर तेथेच सांगावे व जमेल तेवढे ठरवून घ्यावे.

(२) व्यायाम रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडावा. सकाळचा चहा उकळेपर्यंत एकदा, रात्रीच्या बातम्या लागल्यावर एकदा.

(३) भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच वेळी खूण करावी. पूर्ण झाल्यास फुली, अर्धवट झाल्यास आडवी रेघ, न झाल्यास शून्य. दुसऱ्या दिवशी आठवून खूण करू नये. राहिली तर राहू द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी दोन डबे घ्यावेत. आठवड्याच्या सुरुवातीला एका डब्यात ठरलेल्या वेळांइतके चिंचोके ठेवावेत आणि व्यायाम झाला की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाकावा. रविवारी मोजले की हिशेब तयार.

(४) शून्याच्या शेजारी कारण एका शब्दात लिहावे अथवा मुलांकडून लिहवून घ्यावे. पाहुणे, दुखले, थकवा, विसरले, लग्न. महिन्याअखेरीस कोणता शब्द वारंवार येतो ते पाहावे. 'दुखले' वारंवार येत असेल तर व्यायाम बदलावा लागेल. 'विसरले' येत असेल तर वेळ बदलावी लागेल. 'थकवा' येत असेल तर घरातील कामाची वाटणी बदलावी लागेल, आणि तो प्रश्न एकट्या रुग्णाचा राहत नाही.

(५) महिन्यातून एकदा फरक मोजावा. त्यासाठी हातांशिवायची, सुमारे १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीशी घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते, ते मोजावे. गुडघा व खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली शिफारस केलेल्या चाचण्यांपैकी ही एक आहे. शेजारी घरातील एक माणूस उभे असावे. ज्यांचा तोल जातो, त्यांनी ही चाचणी एकट्याने करू नये.

आता 'केले किती' आणि 'फरक किती' हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. व्यायाम केला आणि फरक पडला, तर तो चालू ठेवावा. केला पण दोन-तीन महिन्यांत फरक नाही, तर नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे व उपचार बदलण्याविषयी स्पष्ट विचारावे. ही नोंद तुमचा पुरावा आहे. केला नाही व फरकही नाही, तर गोळी वाढविण्याआधी अडचण शोधावी. केला नाही तरी बरे वाटते, तर दुखणे आपोआप कमी-जास्त होत असते हे ध्यानात ठेवावे आणि पुढच्या उठावाची वाट न पाहता व्यायाम सुरू करावा.

विचारणाऱ्याची जबाबदारी

मोजमाप हे पोलिसी तपासाचे साधन झाले की ते खोटे ठरू लागते. घरात सून विचारते, "आई, व्यायाम केलात की नाही आज?" सासूबाई कंटाळून म्हणतात, "केला बाई, केला." त्याऐवजी, "आई, या आठवड्यात किती दिवस जमलं? कुठं अडलं?" असे विचारले तर खरे उत्तर मिळते. कारण 'अडणे' हे माणसाला शोभते, असे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले आहे. डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवक यांनीही 'बहुतेकांचे काही दिवस राहून जातात, तुमचे किती राहिले?' असे विचारल्यास रुग्णाला खोटे बोलण्याची गरज भासत नाही.

समाजमंदिरात, वाचनालयात अथवा महिला मंडळात आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र व्यायाम करण्याची प्रथा सुरू करता येईल. तेथे आपापल्या खुणा मोजाव्यात, अडचणी सांगाव्यात. मात्र कुणाचे टक्के फळ्यावर लिहू नयेत. ज्याचे कमी असतील, तो पुढच्या आठवड्यात येणार नाही, आणि ज्याला गरज सर्वांत जास्त तोच गळेल.

काही सावधगिरीच्या सूचना

व्यायाम करताना थोडा ताण जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु वेदना वाढून दुसऱ्या दिवशीही तशीच राहत असेल, तर आवर्तने कमी करावीत व सल्ला घ्यावा. सांधा एकाएकी सुजणे व लाल होणे, ताप येणे, पायातील शक्ती जाणे, लघवी अथवा शौचावरील ताबा सुटणे, कारणाशिवाय वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामाचा हिशेब बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना हृदयविकार आहे अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नयेत.

तात्पर्य, जुनाट दुखण्यात आपल्या हातात असलेला उपचार आपण किती केला, हे आपणास ठाऊक असणे हा रुग्णाचा हक्क आहे. ज्याच्याकडे स्वतःची नोंद आहे, त्याला दवाखान्यात कुणी 'तुम्ही काही करतच नाही' असे म्हणून गप्प बसवू शकत नाही आणि नको त्या खर्चात सहज ढकलू शकत नाही. या नोंदीस पैसा लागत नाही. तिला लागतो तो खरेपणा, आणि हा खरेपणा पेलणारी विचारणारी माणसे. येत्या रविवारी आपल्या घरातील ज्येष्ठांजवळ पाच मिनिटे बसून त्यांना डॉक्टरांनी काय सांगितले आहे, ते विचारावे आणि पहिली खूण त्यांच्यासमवेत करावी, अशी समाजबांधवांना व भगिनींना आमची विनंती आहे.